दसऱ्यानंतर लेहला निघताय? नागपूरकरांसाठी थंडीची आणि विरळ हवेची तयारी

दसरा झाला तरी नागपुरातलं ऊन हटत नाही. कूलरमधली खसाची ताटी अजून काढलेली नसते, दुपारी बर्डीवर जायचं तर दुपट्टा बांधल्याशिवाय गाडी काढवत नाही. त्याच आठवड्यात लेहमध्ये रात्रभर बाहेर राहिलेल्या बादलीवर पहाटे बर्फाचा पापुद्रा धरायला लागलेला असतो. हे दोन ऋतू एका दिवसात पार करायचे म्हणजे काय, ते मी आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा कळलं. दीक्षाभूमीवर जाऊन आलो, दोन दिवसांनी बॅगा भरल्या आणि निघालो. थिकसे आणि हेमिसचे विहार डोळ्यांनी पाहायचे ही बाबांची कितीतरी वर्षांची इच्छा होती.

आम्ही सगळी तयारी थंडीची केली होती. त्रास दिला तो हवेने. म्हणून या लेखात स्वेटरचा विषय नंतर येतो. आधी श्वासाचा.

३१० मीटरवरून ३,५०० मीटरवर

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि लेह साधारण ३,५०० मीटरवर. आपल्या विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण म्हणजे चिखलदरा, आणि लेहची उंची त्याच्या तिपटीहून जास्त. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश भरतो. म्हणजे श्वास तेवढाच घेतला तरी प्रत्येक श्वासात प्राणवायू तिसऱ्या हिश्श्याने कमी येतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. विमानाने गेलात तर तुम्ही ते दिवस शरीराला देतच नाही. सकाळी दिल्लीत आणि दीड तासाच्या आत लेहमध्ये.

लेहची विमानं बहुतेक सकाळी असतात, कारण दुपारनंतर खोऱ्यात वारा वाढतो. त्यामुळे नागपूरहून निघून रात्री दिल्लीत मुक्काम करावा लागतो. वेळ आणि कंबर दोन्ही साथ देत असतील तर श्रीनगर–कारगिल–लेह हा रस्ता शरीराला जास्त मानवतो. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर आणि कारगिल साधारण २,७०० मीटरवर, म्हणजे चढण टप्प्याटप्प्याने होते. कारगिलला एक रात्र झोपून पुढे निघायचं. मात्र ऑक्टोबर सरत आला की झोजीला खिंडीत केव्हा बर्फ पडून रस्ता बंद होईल ते सांगता येत नाही. मनालीकडच्या रस्त्यावर तर बारालाचा आणि तांगलांग या खिंडी लागतात. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२० साली सुरू झाला, पण या दोन खिंडी त्याच्याही पुढे आहेत. ऑक्टोबरच्या मध्यानंतर घरची गाडी घेऊन त्या रस्त्याने जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

महिनाभर आधी: डॉक्टर, आणि आपल्याकडची एक खास तपासणी

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय किंवा गरोदरपण असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. तिकीट काढल्यावर विचारलं की माणूस स्वतःला हवं तेच उत्तर ऐकतो.

विदर्भातल्या घरांनी यात एक तपासणी हमखास वाढवावी, ती सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्तपेशींच्या आजाराची. नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे आणि कित्येकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसतं, कारण वाहकाला रोजच्या जगण्यात काही त्रास होत नाही. प्राणवायू कमी पडला की मात्र त्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सिकलसेलच्या रुग्णाने एवढ्या उंचीवर जाणं धोक्याचं आहे. वाहकालाही उंचीवर पोटात डावीकडे असलेल्या प्लीहेला इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ उठणं ही त्याची खूण. रक्ताची साधी तपासणी आहे, सरकारी दवाखान्यातही होते. घरात कोणाला सिकलसेल असेल तर प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाने ती करून घ्यावी.

उंचीचा त्रास टाळायला डॉक्टर बऱ्याचदा अॅसिटाझोलामाइड देतात. ही गोळी वर पोचण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. दुकानातून आपल्या मनाने आणून घेऊ नका, आणि गोळी घेतली म्हणून पहिल्या दिवशी फिरायला मोकळे झालो असंही समजू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, तेव्हा त्यांचं काय करायचं तेही याच भेटीत विचारून घ्या. मधुमेह असेल तर इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात नको. इन्सुलिन एकदा गोठलं की वापरायच्या कामाचं राहत नाही. लेहमध्येही रात्री ते खिडकीजवळ ठेवू नका. शुगर तपासायचं यंत्रही थंडीत चुकू शकतं, ते अंगाजवळ उबेत राहू द्या.

आणि खर्रा. घरी कोणी खर्रा खात असेल तर तो नागपुरातच राहू द्या. तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, आणि थंडीत सगळ्यात आधी बोटंच गारठतात.

कपडे: किती यापेक्षा कोणते

लेहमध्ये ऑक्टोबरात दिवसाचं तापमान चौदा-पंधरा अंशांच्या आसपास असतं, रात्री ते शून्याजवळ किंवा त्याखाली उतरतं. नोव्हेंबरात रात्री शून्याखाली पाच-सहा अंश नेहमीचेच. आकडा ऐकून वाटतं, बापरे. पण तिथली थंडी कोरडी आहे. उन्हात उभं राहिलात तर जॅकेट काढावंसं वाटतं, आणि तिथून चार पावलं सावलीत गेलात की दात वाजतात. त्यामुळे दिवसातून दहादा कपडे काढावे-घालावे लागतात. एकच जाडजूड कोट तिथे गैरसोयीचा होतो. तीन थर हवेत.

अंगालगतचा थर थर्मलचा. त्याखाली सुती बनियन घालायची आपली सवय मोडा. सुती कापड घाम धरून ठेवतं, ते ओलं राहतं आणि सावलीत गेलात की तीच ओल हाडांत शिरते. मधला थर लोकरीचा किंवा फ्लीसचा. वरचा थर वारा अडवणारा, तो पातळ असला तरी चालतो. पंगाँग त्सो हे सरोवर चार हजार दोनशे मीटरहून उंचावर आहे आणि तिथला वारा लोकरीतून आरपार जातो, तेव्हा या वरच्या थराचं महत्त्व समजतं.

आई साडीच नेसणार होती आणि मी तिला त्यावरून छळलं नाही. साडीखाली लोकरीची लेगिंग, वर पूर्ण बाह्यांचा थर्मल, त्यावर ब्लाउज, मग स्वेटर आणि शाल. पायात अंगठा वेगळा असलेले लोकरी मोजे आणि बंद बूट. साडीचा घोळ वाऱ्याने उडतो म्हणून तिने नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेसली. तिला काही अडलं नाही.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या. आपण घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबतो, बोटांना हालायला जागा राहत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. माकडटोपी, हातमोजे आणि गळ्याभोवती गुंडाळायला काहीतरी लागेलच. या शेवटच्या कामाला आपला उन्हाळी सुती दुपट्टा चक्क उत्तम. उन्हासाठी बांधतो तसाच नाका-तोंडावरून घ्या. श्वासातली वाफ त्यात अडते आणि कोरड्या हवेने घशाला पडणारी कोरड कमी होते. गॉगल मात्र चांगला घ्या. उंचीवर ऊन थंड वाटतं, पण त्यातले अतिनील किरण खाली असतात त्याहून जास्त तीव्र असतात.

खरेदी कुठे करायची? आपल्याकडे हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाले दुकानं मांडतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, धानाच्या मुलखात वसलेली. बर्फाच्या देशातली माणसं विदर्भाच्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या राहिलीत आणि हिवाळ्यात आपल्यालाच लोकर विकतात, हे मला नेहमी हलवून जातं. पण त्यांची दुकानं थंडी पडायच्या बेताला लागतात, दसऱ्याच्या सुमारास निघणाऱ्याला ती सापडतीलच असं नाही. थर्मल आणि मोजे आधी घेऊन ठेवा. जाड जॅकेट मात्र विकत घेऊ नका. नागपुरात ते पुढे वर्षानुवर्षं कपाटात पडून राहील. लेहच्या बाजारात भाड्याने मिळतं.

बॅगेतल्या बारीकसारीक गोष्टी

बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. व्हॅसलिन, ओठांचं मलम आणि नाकात लावायला खोबरेल तेल हाताशी ठेवा. त्या कोरड्या हवेत नाकातून थोडं रक्त येणं सर्रास होतं, मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ती घाबरत नाहीत. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, म्हणून मोबाइल आतल्या खिशात ठेवा.

फराळ नेणार असाल तर हवाबंद पाकिटं नेऊ नका. वर हवेचा दाब कमी असल्याने ती फुग्यासारखी फुगतात आणि एखादं बॅगेतच फुटतं. आमच्या चिवड्याचं हेच झालं. डिंकाचे लाडू, जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी हे सगळं डब्यात न्या. जमलं तर चार-सहा संत्री ठेवा. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरअखेरीस बाजारात यायला लागतात. आम्ही उतरलो त्या घरच्या आमा-लेंना मी दोन दिली, तर त्यांनी सालंसुद्धा वाळवायला ठेवली. लडाखीत आईला ‘आमा’ म्हणतात आणि ‘ले’ हे आपल्या ‘जी’सारखं आदराने जोडतात. नमस्कार, धन्यवाद, निरोप या सगळ्यांसाठी एकच शब्द, ‘जुले’. तो पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

पहिले दोन दिवस: काहीही करू नका

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: पहिले ४८ तास काहीही करू नका.

हे ऐकायला सोपं आहे, पाळायला फार अवघड. विमानातून उतरल्यावर आकाश इतकं निळं असतं आणि माणसाला इतकं ताजंतवानं वाटतं की पाय आपोआप बाहेर वळतात. उंचीचा त्रास उतरल्या उतरल्या जाणवत नाही. तो साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो. बाबा रोज सकाळी फुटाळ्याला चार किलोमीटर चालणारे. “मला काय होतंय,” म्हणत संध्याकाळी बाजारापर्यंत चालत गेले आणि चढण चढून परत आले. रात्री दहा वाजता डोकं असं धरलं की उशीला टेकवेना, जेवण नको, मळमळ. धडधाकट माणसाला त्रास होत नाही, हा समज खोटा आहे. तब्येतीवरून याचा अंदाज बांधता येत नाही. उलट धडधाकट माणूस जास्त हालचाल करतो आणि अडचणीत येतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. खोलीवर जा, बॅग दुसऱ्याला उचलू द्या, गरम काहीतरी प्या आणि पडून राहा. दुपारी गाढ झोपून राहण्यापेक्षा उशाला टेकून पडलेलं बरं. पाणी घोट-घोट सतत प्या. एप्रिल-मे मध्ये आपण तहान लागायची वाट न पाहता पितो, तसं. थंडीत तहान जाणवत नाही, पण कोरड्या हवेत प्रत्येक श्वासागणिक अंगातलं पाणी जात असतं. त्यात उंचीवर लघवीलाही जास्त होतं. म्हणजे वयस्कर माणसं रात्री दोनदा-तीनदा उठणार. पलंगापाशी चप्पल, शाल आणि टॉर्च ठेवा, आणि उठताना आधी मिनिटभर बसायला सांगा. पहिल्या दिवशी आंघोळीला सुट्टी द्या. आईला हे पटवायला मला अर्धा तास लागला.

जेवण हलकं. थुक्पा म्हणजे भाज्या घालून केलेलं नूडल्सचं गरम सूप, आजारी माणसालाही जातं. खंबीर ही तिथली जाडसर भाकरी चहाबरोबर छान लागते. लोणी-मिठाचा गुरगुर चहा पहिल्या घोटाला विचित्र वाटेल, तिसऱ्या दिवशी तुम्हीच मागाल. वरण-भाताचा हट्ट धरलात तर वाट पाहावी लागेल. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या या दोन दिवसांत पूर्ण बंद, दोन्हींनी झोपेत श्वास मंदावतो.

रात्री एक गोष्ट होईल: शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास काही सेकंद थांबेल आणि मग जोरात सुरू होईल. मी पहिल्या रात्री आईकडे पाहत बसून राहिले होते. उंचीवर झोपेत असं होणं नेहमीचं आहे. जागेपणी, बसल्या जागी धाप लागत असेल तर मात्र प्रकरण वेगळं.

कधी थांबायचं, कधी खाली उतरायचं

थोडं डोकं दुखणं, भूक नसणं, झोप मोडणं, थकवा: असं असेल तर आहे तिथेच थांबा, आणखी उंचावर जाऊ नका. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. बाबांचा तिसरा दिवसही आम्ही खोलीत काढला आणि चौथ्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, चला.

फुप्फुसात पाणी साठायला लागलं तर ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री कळतं. बसल्या जागी धाप, थांबत नाही असा खोकला, गुलाबी फेसाळ कफ, निळसर ओठ. मेंदूला सूज आली तर माणूस असंबद्ध बोलतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. शंका आली तर त्याला टाचेला टाच लावत सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट पाहू नका. लेहमधलं मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय, उंचीच्या त्रासाचे रुग्ण तिथे नेहमीच येतात. प्राणवायू द्यायचा आणि खाली न्यायचं, हाच मुख्य उपचार. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सोबत असेल तर एक ध्यानात घ्या: नागपुरात ९८ दाखवणारा माणूस लेहमध्ये बरा असतानाही ९० च्या आसपास दिसू शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा.

खोलीतली ऊब

ऑक्टोबर सरता सरता लेहमधली बरीच हॉटेलं आणि खाण्याची ठिकाणं बंद होतात. नळातलं पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून पाइप रिकामे करून ठेवतात. जी सुरू असतात तिथे गरम पाणी बादलीने मिळतं. आधीच फोन करून तीन प्रश्न विचारा: खोली गरम करायची सोय आहे का, गरम पाणी केव्हा येतं, खोली दक्षिणेला तोंड करून आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त कामी येतं. दक्षिणेकडून दिवसभर ऊन मिळालेली खोली रात्रीही बरीच उबदार राहते.

बुखारी म्हणजे लाकडावर किंवा रॉकेलवर चालणारी शेगडी. तिचं धुराडं छतातून किंवा भिंतीतून बाहेर काढलेलं असतं. धुराडं नसलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर खिडकी फटभर उघडी हवी. झोपायच्या तासभर आधी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवा, तेवढ्याने काम भागतं.

तिसऱ्या दिवसापासून

आधी लेहच्या जवळपासचं पाहा. शांती स्तूपाला पायऱ्या आहेत, पाचशेच्या वर. वर गाडीरस्ताही जातो, तोच घ्या. जपानी भिक्खूंनी उभारलेल्या या स्तूपाचं लोकार्पण १९९१ साली दलाई लामांच्या हस्ते झालं. संध्याकाळी तिथे बाबा बराच वेळ बसून होते. थिकसे आणि हेमिस त्यानंतर, सकाळी दहा-अकराच्या उन्हात.

लांब जायचं तर पंगाँगआधी नुब्राचं खोरं. वाटेतली खारदुंग ला ही खिंड पाच हजार तीनशे मीटरहून उंच आहे, पण नुब्रातली दिस्कित-हुंदर ही गावं लेहपेक्षाही थोडं खाली असल्याने रात्री झोप चांगली लागते. खिंडीत उतरून दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. पंगाँगला दिवसा जाऊन परत या. वयस्कर माणसांना ऑक्टोबरात तिथे रात्री ठेवू नये.

आणि वाटेत गावं पाहा, खरी थंडी कशी येते ते तिथे दिसतं. सफेद्याची आणि विलोची झाडं पिवळीधमक झालेली असतात. जवाचं पीक घरी आलेलं असतं, गुरांचा चारा घरांच्या छपरांवर रचलेला असतो. भाज्या चिरून उन्हात वाळत घातलेल्या, जर्दाळू सुकवून भरलेले, मुळे-सलगम जमिनीतल्या खड्ड्यांत पुरून ठेवलेले. आई ते पाहून तिथेच थबकली. आपल्याकडे उन्हाळ्यात कुरडया-पापड-सांडगे होतात ते पावसाळ्याच्या बेगमीचे. त्यांचं वाळवण हिवाळ्याच्या बेगमीचं. तिने आणि आमा-लेंनी एकमेकींची भाषा न येता हातवाऱ्यांनी अर्धा तास त्यावर गप्पा मारल्या.

परत आल्यावर

नागपूर विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की अंगावरची लोकर बोचायला लागेल. ती तशीच पेटीत कोंबू नका. कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. पूर्ण वाळल्यावर तासभर ऊन दाखवा आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. थर्मल मात्र वरच्याच कप्प्यात असू द्या. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता.